कुलचिन्ह घडवायचंय? आधी चार ओळी लिहा, मग चित्र काढा

कोल्हापुरात नव्या बंगल्याच्या फाटकावर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर, दुकानाच्या पाटीवर घराण्याचं चिन्ह लावायची हौस आता बरीच दिसते. बहुतेक ठिकाणी मात्र इंटरनेटवरून उचललेली ढाल असते: दोन बाजूंना दोन सिंह, वर मुकुट, खाली पट्टीवर आडनाव. आडनाव पुसून तिथं शेजाऱ्याचं घातलं तरी काही बिघडत नाही, आणि हीच त्यातली खोट. कुलचिन्ह म्हणजे नाव न लिहिता ओळख पटवणारी खूण.

दुसरी फसगत ‘तुमच्या आडनावाचं अस्सल कुलचिन्ह’ विकणाऱ्या संकेतस्थळांची. युरोपात बाराव्या शतकात ढालीवरची चिन्हं रूढ झाली, ती व्यक्तीची आणि तिच्या वंशाची म्हणून. इंग्लंडमध्ये एकाच आडनावाच्या दोन असंबंधित घरांची चिन्हं वेगळी असतात. आडनावाला म्हणून चिन्ह नसतंच, त्यामुळे ते विकतही घेता येत नाही. लंडनला १४८४ पासून कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्था अशी चिन्हं बहाल करते, नोंदवते. भारतात खाजगी माणसाला कुलचिन्ह देणारं सरकारी कार्यालय नाही. म्हणजे तुम्ही स्वतःचं घडवायला मोकळे आहात, फक्त ते दुसऱ्याचं असता कामा नये.

आपल्याला हा प्रकार परका नाही. कोल्हापूरचे शिलाहार सुवर्णगरुडध्वज मिरवत, चालुक्यांचं लांछन, म्हणजे ओळखीची खूण, वराह, हनगलच्या कदंबांच्या ध्वजावर वानर. जैन तीर्थंकरांच्या मूर्ती तर लांछनावरूनच ओळखतात: वृषभ दिसला की ऋषभनाथ, हरीण दिसलं की शांतिनाथ, सिंह दिसला की महावीर. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी आहे आणि तिच्यातला श्लोकच तिची ओळख सांगतो. मग आज सगळीकडे मुकुट आणि दोन प्राण्यांचा साचा कुठून आला? १८७७ च्या दिल्ली दरबारात ब्रिटिशांनी हिंदी संस्थानिकांना युरोपीय पद्धतीची चिन्हं असलेली निशाणं दिली. ती बंगालच्या सनदी सेवेतल्या रॉबर्ट टेलर यांनी रेखाटली होती. संस्थानिकांचा तो थाट घरगुती चिन्हात उतरवायची गरज नाही. ढाल, तिच्यावरची खूण आणि ब्रीद एवढ्यावर उत्तम कुलचिन्ह होतं.

चिन्हं गोळा करताना

घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसासमोर वही घेऊन बसा. मूळ गाव, कुलदैवत, देवक, घराण्याचं काम, शेताची किंवा वाड्याची काही खूण, आडनाव कसं पडलं, हे सगळं लिहून घ्या. पंधरावीस गोष्टी निघतील. ढालीवर त्यातली एक मुख्य आणि फार तर एक दुय्यम जाणार आहे. गोळा करताना हात आखडू नका, निवडताना मात्र कठोर व्हा.

देवकापासून सुरुवात करणं चांगलं, कारण ते मुळातच चिन्ह आहे. मोऱ्यांमध्ये मोराचं पीस, कदमांमध्ये कळंब, पवारांमध्ये तलवारीची धार अशी देवकं सांगतात. पुस्तकांतल्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, तेव्हा आपल्या घरच्या लग्नात काय पुजतात तेच खरं धरा. फक्त एक अडचण आहे. एकच देवक पुष्कळ कुळांचं असतं, त्यामुळे नुसतं पंचपल्लव (पाच झाडांची पानं) काढलं तर ते चिन्ह तुमचं एकट्याचं होत नाही. त्याला कामाची किंवा गावाची एक खूण जोडावी लागते.

कुलदैवताचं चित्र ढालीवर घेऊ नका. पत्रिका रद्दीत जाते, पिशवी जमिनीवर ठेवली जाते. देवाऐवजी देवाच्या हातातली वस्तू घ्या. अंबाबाईच्या चार हातांत म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं मोठं फळ), गदा, ढाल आणि पानपात्र आहे. यातलं म्हाळुंग आम्हाला फार मोलाचं वाटतं, कारण ते कुलचिन्हांत सहसा दिसत नाही आणि कोल्हापूरचा माणूस त्याचा अर्थ लगेच लावतो. ते काढताना साल खडबडीत दाखवा आणि देठाला दोन पानं ठेवा. पानं नसली तर लांबून ते लिंबू किंवा आंबा वाटतं.

आडनावावरची कोटी हाही जुना आणि प्रतिष्ठित मार्ग आहे. स्पेनमध्ये कास्तीयच्या ढालीवर किल्ला आणि लिओनच्या ढालीवर सिंह आहे, नावावरूनच. आपल्याकडे घोरपडे घराण्याच्या नावामागची घोरपडीची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. घोरपड ढालीवर सिंहापेक्षा कितीतरी उठून दिसेल: वरून पाहिलेली, चार पाय पसरलेले, शेपटी वळलेली.

कामाच्या खुणा निवडताना नेमकेपणा हवा. फाउंड्रीवाल्यांच्या घरात दातेरी चाक हमखास सुचतं, पण ते प्रत्येक कारखान्याच्या पाटीवर असतं. वितळलेला धातू ओतायचा लांब दांड्याचा डबू अधिक बोलका. पैलवानाच्या घराला गदा शोभते, आणि ढालीचा पट, म्हणजे चिन्हामागची जागा, लाल ठेवला तर तालमीतल्या हौदाची माती आपोआप आठवते. बैल घ्यायचा असेल तर इंटरनेटवरचा तयार बैल उचलू नका. त्याला वशिंड नसतं. खिलार बैलाचं वशिंड आणि मागे जाऊन वर वळणारी लांब शिंगं काढली तरच तो आपल्या शिवारातला वाटतो. ढालीवरचा प्राणी फोटोसारखा दिसायची गरज नाही. पाय एकमेकांपासून सुटे, शेपटी अंगापासून सुटी, आणि आकृती पट भरून उरेल एवढी मोठी, इतकं पुरे.

‘लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, सिंह म्हणजे पराक्रम’ अशी कोष्टकं सापडतील. ती उत्तरकाळातल्या लेखकांनी रचलेली आहेत. मुळात रंगांना ठरलेले अर्थ नव्हते. चिन्हाला अर्थ देतं ते धारण करणारं घर. म्हणून कसोटी एकच ठेवा: ‘हे इथं का?’ असं नातवानं विचारलं तर उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे, आणि ते वाक्य दुसऱ्या घराला लागू पडता कामा नये.

रंगांचा नियम

कुलचिन्हांच्या युरोपीय शास्त्रात रंगांचे दोन गट आहेत. पहिला धातूंचा: सोनेरी आणि रुपेरी, म्हणजे व्यवहारात पिवळा आणि पांढरा. दुसरा रंगांचा: लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. रंगावर धातू किंवा धातूवर रंग चालतो. कारण साधं आहे. पिवळ्यावर पांढरं आणि काळ्यावर निळं लांबून दिसत नाही. जोतिबाच्या चैत्री यात्रेत गर्दीतून आपल्या गावाची सासनकाठी, म्हणजे देवाची उंच सजवलेली काठी, ओळखावी लागते, तेच काम ढालीचं आहे.

भगवा कुठल्या गटात? तो रंग समजा. पांढऱ्यावर भगवा सुरेख दिसतो, लाल पटावर तो विरघळतो, आणि पिवळ्यावर तर छपाईत दोन्ही एकच होतात. रंगावर रंग घ्यावाच लागला तर मधे पांढरी किंवा पिवळी किनार द्या. किनारीची जाडी ढालीच्या रुंदीच्या पन्नासाव्या भागापेक्षा कमी नको, नाहीतर लहान आकारात ती नाहीशी होते. पट दोन रंगांत विभागला असेल तर ते दोन भाग शेजारी शेजारी समजले जातात, एकावर एक नव्हे, म्हणून तिथं नियम सैल होतो.

एकूण तीन-चार रंग पुरे. छटा, सावल्या, चकाकी काही नको. चिन्हाची व्याख्या ‘लाल’ एवढीच असते. तो लाल किती गडद ते प्रत्येक कारागीर आपापल्या साहित्यात ठरवतो.

ढाल आखणे

कागदावर १२ सेंटिमीटरची आडवी रेघ काढा. दोन्ही टोकांपासून सरळ खाली ४ सेंटिमीटरच्या उभ्या रेघा काढा. आता कंपास १२ सेंटिमीटर उघडा, डाव्या उभ्या रेघेच्या खालच्या टोकावर कंपासची सुई ठेवा आणि उजव्या रेघेच्या खालच्या टोकापासून खाली मधल्या बाजूला कमान काढा. मग उजव्या टोकावर ठेवून डावीकडून तशीच काढा. दोन्ही कमानी बरोबर मध्यावर मिळतात. ढालीची उंची सुमारे १४.४ सेंटिमीटर येते, म्हणजे रुंदी आणि उंचीचं प्रमाण ५ ला ६. हा साचा कुठल्याही मापात वाढवता येतो.

मराठी ढाल हवी असेल तर सरळ वर्तुळ घ्या. गेंड्याच्या कातड्याच्या जुन्या गोल ढालींवर पितळी चार फुलं असतात. ती घेतली तर मुख्य चिन्हाला जागा उरत नाही, हे आधी पाहून ठेवा. चिन्ह उभट असेल तर टोकदार ढाल, पसरट असेल तर गोल. कमळ, घोरपड, सूर्य गोलात बसतात. तलवार, ऊस, दीपमाळ टोकदार ढालीत.

डावं-उजवं इथं फार गोंधळ घालतं. ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, पाहणाऱ्याची डावी. मानाची बाजू तीच, आणि प्राण्याचं तोंडही तिकडेच असतं. डीटीपीवाल्याला ‘उजवीकडे तोंड’ सांगितलं की बैल हमखास उलटा होतो. त्याला ‘पाहणाऱ्याच्या डावीकडे’ असंच सांगा.

एक उदाहरण, पहिल्यापासून

पंचगंगेकाठचं ऊस करणारं, पूर्वी गुऱ्हाळ चालवणारं एक घर कल्पनेत घ्या. वहीत निघालं: ऊस, काहील (रस उकळायची मोठी कढई), गुळाचा रवा (ढेप), नदी, जोतिबा, बैलजोडी. पहिल्या आराखड्यात सगळंच घातलं तर ढालीचं जत्रेतलं दुकान होतं. काहील ढालीवर साधी परात दिसते, गुळाचा रवा दगड दिसतो. दोन्ही बाद. ऊस उभा, पेरांमुळे चटकन ओळखू येणारा, म्हणून तो मुख्य. नदी दुय्यम. जोतिबा आणि बैलजोडी वहीतच राहतात.

पट हिरवा, त्यावर तीन पिवळे ऊस उभे, प्रत्येकाला चार पेरं आणि वर दोन पानं. हिरवा रंग, पिवळा धातू, नियम पाळला. पेर लहान-मोठी करू नका, सारखीच ठेवा. पानं दोनच, कारण खऱ्या वाढ्यासारखा (शेंड्याच्या पाल्यासारखा) झुबका काढला की तो मका होतो. ढालीचा खालचा तिसरा हिस्सा नदीचा. पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि परंपरेनं मानलेली गुप्त सरस्वती, अशा पाच नद्या धरतात. म्हणून पाच नागमोडी पट्ट्या: पांढरी, निळी, पांढरी, निळी, पांढरी. वरची पट्टी पांढरी ठेवल्यानं हिरव्याला निळा भिडत नाही.

इथं एक गोष्ट चुकते. टोकदार ढाल खाली निमुळती होत जाते, त्यामुळे सारख्या जाडीच्या पाच पट्ट्या घेतल्या तर शेवटची नुसता त्रिकोणी ठिपका उरते. खालच्या दोन पट्ट्या वरच्यांच्या सव्वापट जाड करा, म्हणजे डोळ्याला पाचही सारख्या वाटतात. शिवाय प्रत्येक पट्टीला दोनच लाटा द्या. जास्त दिल्या की लहान आकारात ती करवत दिसते.

आता शब्द. ‘हिरव्या पटावर पिवळे तीन उभे ऊस, चार पेरांचे, दोन पानांचे. पायथ्याला पांढऱ्या-निळ्या पाच नागमोडी पट्ट्या, पहिली पांढरी. ब्रीद: मुळाशी ओल.’ हे वर्णनच खरं कुलचिन्ह आहे, चित्र ही त्याची एक प्रत. इचलकरंजीतल्या विणकरानं विणलं, हुपरीच्या कारागिरानं चांदीत ठोकलं, तिघांनी तीन तऱ्हेनं काढलं, तरी वर्णन पाळलं असेल तर चिन्ह एकच. म्हणून वर्णन आधी लिहावं. ते चार ओळींत बसत नसेल तर ढालीवर गर्दी झाली आहे, असं खुशाल समजा. लिहून झालं की ज्यानं चित्र पाहिलेलं नाही अशा माणसाला ते वाचून काढायला सांगा. तो जिथं अडेल तिथं तुमचा शब्द कच्चा आहे.

मग दोन परीक्षा घ्या. ढाल २ सेंटिमीटर रुंद छापून काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर काढा. आणि ए-४ कागदावरची प्रत भिंतीला लावून १० मीटरवरून बघा. दोन्हीत ऊस ऊसच दिसला पाहिजे.

तुरा आणि ब्रीद

युरोपीय चिन्हात ढालीच्या वर शिरस्त्राण आणि त्यावर तुरा असतो. आपल्याला शिरस्त्राणाऐवजी फेटा घेता येतो आणि तो छान दिसतो. जिरेटोप मात्र नको. तो छत्रपतींचा आहे. छत्र, अब्दागिरी, मोर्चेल हीही राजचिन्हं, ती त्या गादीचा मान म्हणून सोडून द्यावीत.

ब्रीद दोन ते चार शब्दांचं. संस्कृत घेणार असाल तर विभक्ती जाणकाराकडून तपासून घ्या, दगडात कोरलेली चूक तीन पिढ्या वाचतात. घरात बोलली जाणारी मराठी जास्त जवळची वाटते. ‘सत्यमेव जयते’ वापरू नका, ते राष्ट्रीय चिन्हाचा भाग आहे. देवनागरी अक्षरं वळणदार फितीवर बसवली की शिरोरेखा तुटते आणि प्रत्येक अक्षर वेगळं डुलायला लागतं. फीत सरळ ठेवा, वळण फक्त दोन्ही टोकांना द्या.

कायदा

१९५० चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा कायदा आणि २००५ चा राष्ट्रीय चिन्हाविषयीचा कायदा ध्यानात ठेवा. सिंहमुद्रा घेता येत नाही. धंद्यासाठी अशोकचक्र, तसंच छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र परवानगीशिवाय वापरता येत नाही, आणि दुकानाच्या पाटीवरचं कुलचिन्ह धंद्यातच मोडतं. पांढऱ्यावर लाल क्रॉस जिनिव्हा करार कायदा, १९६० नुसार वर्ज्य. घरात सैन्यातली माणसं असतील तर रेजिमेंटचं चिन्ह जसंच्या तसं उचलू नका.

चित्रकाराकडून काढून घेतलं तर हक्क लेखी आपल्या नावावर करून घ्या. कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा ते हस्तांतरण ५ वर्षांचं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. दोन्ही स्पष्ट लिहा.

वर्णनाच्या कागदावर तारीख, घडवणाऱ्या पिढीची नावं, प्रत्येक चिन्हाचं कारण आणि सह्या असू द्या. भावाभावांची घरं वेगळी झाली तर चिन्ह बदलायचं नाही, भेद जोडायचा. इंग्लंडमध्ये दुसऱ्या मुलाच्या ढालीवर लहान चंद्रकोर, तिसऱ्याच्या ढालीवर तारा घालतात. आपल्याकडे थोरली पाती, धाकटी पाती हे शब्द आहेतच. थोरल्या पातीची ढाल कोरी, धाकटीला पांढरी किनार, असं आताच लिहून ठेवा. नंतर ठरवायला बसलं की वाद होतात.

छपाई आणि पितळी पाटी

छापखान्यात फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकृती करून द्या. जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं फुटतात. सोनेरीसाठी सपाट पिवळा द्या. छपाईत नक्कल केलेलं सोनं मातकट येतं. भरतकामात ब्रीदाची अक्षरं ७ मिलिमीटरपेक्षा लहान घेतली तर अनुस्वार आणि रफार दोऱ्यात बुडतात. रंगच नसलेल्या कोरीव कामात रेघांची जुनी लिपी वापरा: उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या निळा, पाहणाऱ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून तिरप्या उतरणाऱ्या हिरवा, आडव्या-उभ्या जाळीचा काळा, ठिपके सोनेरी, कोरं रुपेरी.

फाटकाच्या पितळी पाटीसाठी आधी पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उठवायचा नमुना, लागतो. तो करून देणारे लोक कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीत, उद्यमनगरात भेटतात. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आक्रसतं, म्हणून २०० मिलिमीटरची पाटी हवी असेल तर पॅटर्न २०३ चा करायला सांगा. उठाव ३ मिलिमीटर, कडांना २ ते ३ अंश ड्राफ्ट (उतार). कडा अगदी सरळ ठेवल्या तर पॅटर्न उचलताना वाळू सोबत निघते आणि ऊस कडेला तुटका येतो. दोन उसांमधली फट ३ मिलिमीटरपेक्षा कमी नको, तेवढ्या अरुंद जागेत वाळू उभी राहत नाही. आतले कोपरे किंचित गोल ठेवा.

उठावाचा भाग घासून चकचकीत करायचा, खोलगट भागात रंग भरायचा. पितळ स्वतःच सोनं, म्हणून पिवळे ऊस रंगवावे लागत नाहीत. थिनरनं तेलकटपणा काढून, पूर्ण वाळल्यावर पारदर्शक लॅकरचे दोन हात द्या. लॅकर नसलं तर कोल्हापूरच्या एका पावसाळ्यात पाटी काळवंडते, मग घरातलं कुणीतरी ती चिंचेनं घासतं आणि रंगाच्या कडा निघतात. पाटी भिंतीला चिकटवून लावू नका. मागे ५ मिलिमीटरचे वॉशर घाला, म्हणजे पाणी निथळतं, आणि स्क्रू पितळीच घ्या. लोखंडी घेतले तर गंजाचे ओघळ पहिल्यांदा ब्रीदावरच उतरतात.